गाडीला एसी नाही, बिलात एसीची सफाई

आमच्या आणि अण्णांच्या बंगल्यांमधली कंपाउंडची भिंत छातीएवढी आहे. मयूर कॉलनीत अशा भिंती आता मोजक्याच उरल्यात. बाकी ठिकाणी पुनर्विकास झाला आणि भिंतीच्या जागी पार्किंगचे खांब आले. या भिंतीवरून आजवर कढीलिंब गेलाय, विरजण गेलंय, संक्रांतीचे तिळगूळ गेलेत, एकदा तर पाहुण्यांसाठी गादीसुद्धा गेली आहे. आणि एके दिवशी त्याच भिंतीवरून चार पानांचं एक बिल इकडे आलं.

"ताई, तुम्ही बँकेतल्या. हे जरा वाचून सांगा, यात माझं काय चुकलं."

बिल अण्णांच्या पुतण्याच्या पिकअपचं. गाडी 2021 ची, डिझेलची, बीएस-सिक्स. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. वर्कशॉपचं नावही लिहीत नाही, कारण तिथे पुन्हा जायचंच आहे. पुतण्याची सासुरवाडी केळशीकडची. आंब्याच्या दिवसांत तो ताम्हिणीतून हापूसच्या पेट्या आणतो आणि उरलेलं वर्ष कोथरूडकरांचं सामान हलवतो. या दुसऱ्या धंद्याला सध्या मरण नाही. अर्धी कॉलनी भाड्याच्या घरात जाते, दोन-तीन वर्षांनी नव्या फ्लॅटमध्ये परत येते आणि दोन्ही वेळेला आजेसासूबाईंचं तेच शिसवी कपाट त्याच्या गाडीत चढतं.

अण्णा टेल्कोतून निवृत्त झाले. ते अजून टेल्कोच म्हणतात. 2003 साली कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, हे त्यांनी आजवर मान्य केलेलं नाही. 1986 ची 407 आणि 1988 ची टाटामोबाइल यांचा विषय निघाला की ते घरातल्या मुलांच्या बारशाबद्दल बोलावं तसं बोलतात. त्यामुळे डिझेल गाडीबद्दल त्यांचं मत असतंच, आणि ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं.

बिलाचा शेवटचा आकडा होता 14,679 रुपये.

"एका सर्व्हिसिंगचे?"

"एका! इंजिनाला हातसुद्धा लावलेला नाही. ऑइल, फिल्टर, ब्रेक उघडून साफ, संपलं."

मागून वहिनी म्हणाल्या, "गाडी धुऊन मात्र छान दिली हो. हेडलाइट कसे चकाकतायत."

मी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पेन्सिल घेऊन बिलाच्या तीन राशी केल्या. आमच्या बँकेत इन्स्पेक्शनला गेलं की हीच पद्धत. गाडीच्या पोटात खरोखर गेलेला माल, म्हणजे सात लिटर ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ग्रीस, हे सगळं 6,000 रुपयांचं. मजुरी 4,650. आणि तिसरी रास 1,790 ची, जिच्यात इंजिन फ्लश, ब्रेकवर मारायचा स्प्रे, 'कन्झ्युमेबल्स' नावाचे 200 रुपये आणि आणखी एक ओळ. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

"अण्णा, गाडीला एसी आहे?"

"मालाच्या गाडीला कसला एसी? काच खाली करायची."

"मग एसी जंतुनाशक फवारणी, 650 रुपये, ही काय भानगड?"

अण्णांनी बिल ओढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. 2025 पासून मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय हे खरं, पण साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपला तो नियम नाही. पुतण्याच्या गाडीत तर पंखासुद्धा डॅशबोर्डवर चिकटवलेला, यूएसबीवर फिरणारा. मग वर्कशॉपला तीन फोन झाले. तिसऱ्या फोनवर तिथल्या मुलाने सांगितलं की पॅकेज निवडलं की ती ओळ आपोआप येते. करासकट 767 रुपये परत आले. वाईटपणा कोणाचाच नव्हता असं मला अजून वाटतं. कोणीतरी एक पॅकेज बनवलं, कोणीतरी एक बटण दाबलं, आणि बिल चार पानांचं असलं की शेवटचं पानच वाचलं जातं.

पण अण्णांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं: यापुढे सर्व्हिसिंग अंगणात.

"वॉरंटी जाईल म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

वॉरंटी मुळात संपली होती, त्यामुळे तो प्रश्न अण्णांपुरता निकालात निघालेला. तरी सांगते, कारण ही भीती कोथरूडातल्या प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येते. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. टाटा आणि महिंद्रा दोघेही त्या यादीत होते. तक्रार अशी की कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्या अधिकृत वर्कशॉपबाहेर जाऊच देत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाला दुसरं दार राहत नाही. आयोगाने त्याच निकालात वॉरंटीबद्दलही सांगितलं: बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. हे सगळं मी अण्णांना सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की कागदावरचा हक्क आणि काउंटरवरचा वाद यांत अंतर असतं. वॉरंटीच्या मुदतीत इंजिन खरंच बसलं, तर सर्व्हिसच्या नोंदी कोणाच्या शिक्क्याच्या आहेत हे पाहिलं जातंच. गाडी नवी असेपर्यंत मी तरी पुतण्याला वर्कशॉपलाच पाठवलं असतं आणि बिलाचं प्रत्येक पान वाचलं असतं.

पुढच्या सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा अण्णा नाना पेठेत निघाले. मीही गेले, कारण तिकडे माझं काम होतं. (खरं सांगायचं तर नव्हतं.) आयडियल कॉलनीला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली, मंडईला उतरलो आणि तिथून रिक्षा. पुण्यातल्या गाड्यांचे सुटे भाग मिळायची जागा म्हणजे नाना पेठ, भवानी पेठ. बोळात शिरलं की रबर, ग्रीस आणि चहाचा एकत्र वास येतो. दुकानदाराने अण्णांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. विचारलं एवढंच:

"बीएस फोर का सिक्स?"

"त्याने काय फरक पडतो? डिझेल इंजिनाचं ऑइल द्या, पंधरा-डब्ल्यू-चाळीस, सीआय-फोर प्लस."

"काका, सिक्सला जाळी असते. हे घातलंत तर जाळी भरेल."

अण्णांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. तीस वर्षं इंजिनांत काढलेल्या माणसाला पंचविशीतला मुलगा ऑइल शिकवत होता, आणि तो बरोबर होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स लागू झालं. त्या गाड्यांत बहुधा सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, ज्याला गॅरेजवाले डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी इंजिन अधूनमधून स्वतःच जाळून टाकतं. पण जळलेल्या ऑइलची राख मात्र जळत नाही, ती तिथेच साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, सीके-फोर किंवा पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते. जुन्या सवयीने जुनं ऑइल घालत राहिलं तर आज लिटरमागे पन्नास रुपये वाचतात आणि पुढे कधीतरी तो फिल्टर बदलायची पाळी येते. त्याची किंमत मी दुकानदाराला विचारली. त्याने सांगितली आणि अण्णांनी पुढचं काही न विचारता सीके-फोरचे पैसे दिले.

पुणेकरांना खरं तर ही शिडी ओळखीची असायला हवी. एप्रिल 2010 मध्ये बीएस-फोर आलं ते देशातल्या फक्त 13 शहरांत, आणि त्यांत पुणं होतं, सोलापूरही होतं. बाकी महाराष्ट्राला मुंबई सोडली तर पुष्कळ वर्षं थांबावं लागलं. डिझेलमधलं गंधक तेव्हा दहा लाखात 50 भागांवर आलं, आता 10 वर आलंय. अण्णा म्हणाले, "म्हणजे डिझेल सोवळं झालं आणि इंजिन नाजूक."

सात लिटर ऑइल 2,555 ला पडलं. ऑइल फिल्टर 380, डिझेल फिल्टर 980, एअर फिल्टर 690, ग्रीस 150, आणि चेंबरच्या नटाचा तांब्याचा वायसर 10 रुपये. एकूण 4,765. फिल्टरचे खोके अण्णांनी हातात तोलून पाहिले, छपाई पाहिली, होलोग्राम पाहिला. नक्कल तिथेही मिळते. ती स्वस्त असते आणि आतला कागद पहिल्याच पावसात विरघळतो, असं दुकानदारच सांगत होता. त्याच्याकडे दोन्ही होते का, हे मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता काम सुरू झालं. आधी पुतण्याने कट्ट्यावर सामान मांडलं: नवा जॅक, गाडी उचलून खाली ठेवायचे दोन घोडे, आणि नट किती आवळायचा ते मोजून सांगणारा टॉर्क पाना. अण्णांचे स्वतःचे रिंग पाने नाशिकच्या टपारियाचे, माझ्या लग्नाच्या आधीचे. टॉर्क पान्याकडे त्यांनी बघितलं ते नव्या सुनेकडे बघतात तसं. "हाताला कळतं," म्हणाले. मग पुतण्याने सांगितलं की हल्ली चेंबर अॅल्युमिनियमचा असू शकतो, हाताने जोर केला की आटे जातात. आटे गेले की चेंबरच बदला. तेव्हा कुठे त्यांनी पाना हातात घेतला.

एक्काहत्तराव्या वर्षी अण्णा गाडीखाली सरपटले. इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलेलं, कारण गरम ऑइल घाण बरोबर घेऊन बाहेर येतं. नट सुटला. काळं ऑइल पातळ धारेने खाली येऊ लागलं आणि वहिनींचा आवाज आला.

"ती परात कुठून घेतलीत?"

ती लाडूंची परात होती. यावर फार लिहीत नाही.

मग पाट्यांच्या पिनांना आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीसगनने ग्रीस. हे काम वर्कशॉपच्या बिलात असतं, पण निप्पल पुसून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत बसायला तिथे वेळ कोणाला आहे? अण्णांना होता. एक निप्पल बुजलेलं सापडलं. कोरडं, गंजलेलं, बऱ्याच महिन्यांत ग्रीस न पाहिलेलं. बिलात मात्र त्याच्यापुढेही बरोबरची खूण होती. आपल्या गाडीखाली आपण स्वतः जाण्यात अर्थ आहे तो इथे, असं मला त्या दिवशी वाटलं. पैसे नंतर.

अर्थात पैशांचं मी विसरले नव्हते. बारा वाजता अण्णा हात पुसत भिंतीशी आले आणि म्हणाले, "चौदा हजार सहाशेचं काम चार हजार सातशेत! दहा हजार वाचले."

"नाही वाचले," मी म्हटलं. वही तयारच होती.

वर्कशॉपने ब्रेक उघडले होते, व्हील अलाइनमेंट केलं होतं, कूलंट भरलं होतं, गाडी धुतली होती. अण्णांनी यातलं काही केलं नव्हतं. तेव्हा तुलना करायची तर तेवढ्याच कामाची करायची. तेच ऑइल, तेच तीन फिल्टर, ग्रीस आणि साध्या सर्व्हिसची 1,900 रुपये मजुरी, करासकट वर्कशॉपमध्ये 8,779 होतात. घरी 4,765. म्हणजे वाचले 4,014. आणि पुस्तिकेप्रमाणे दर वेळी तिन्ही फिल्टर बदलायचे नसतात. एकाआड एक सर्व्हिसला फक्त ऑइल आणि ऑइल फिल्टर. त्या वेळी 3,407 वाचतात. गाडी वर्षाला 40,000 किलोमीटर धावते, दर 10,000 ला एक सर्व्हिस, चार सर्व्हिस मिळून वर्षाचे 14,842. त्यातून जॅक, घोडे आणि टॉर्क पाना यांचे 8,400 पहिल्या वर्षी वजा.

"आणि कर?" अण्णांनी विचारलं. "करातून काही परत मिळत नाही का?"

इथे एक गंमत आहे. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवर भरलेला जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपल्या देण्यातून वजा करता येतो. मोटारीला ती सोय सहसा नाही. पण पुतण्या विकतो आंबा. ताजा आंबा करमुक्त. देणंच नाही तर वजा कशातून करणार? त्यामुळे 14,679 च्या बिलातले 2,239 रुपये कर हा त्याचा सरळ खर्च. एक बरं झालं की 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा 28 टक्क्यांचा टप्पा गेला आणि सगळं 18 वर आलं.

"पासिंगला घरची सर्व्हिस चालते का हो?" वहिनींनी विचारलं. चालते. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग लागतं, पुढे दरवर्षी. तिथे ब्रेक धरतो का, दिवे लागतात का, धूर किती, हे पाहतात. ऑइल कोणाच्या परातीत पडलं ते विचारत नाहीत.

इथपर्यंत अण्णा जिंकत होते. मग एप्रिल आला.

पुतण्या केळशीहून रात्री निघाला, 110 पेट्या भरून. पहाटे ताम्हिणीच्या चढाला गाडी दम टाकायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. एका वळणावर बंद पडली ती पडलीच. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली. सहा वाजता त्याचा अण्णांना फोन, सव्वासहाला अण्णांची मला हाक. भिंतीशी गेले तर अण्णा नाइट ड्रेसवर, फोन कानाला, दुसऱ्या हाताने हवेत डिझेल फिल्टर फिरवून दाखवतायत, जणू पलीकडच्याला दिसतंय.

माणगावच्या बाजूने एक मेकॅनिक मोटारसायकलवर आला. त्याने फिल्टरपाशी बोट फिरवलं, ओलं लागलं, आणि म्हणाला, "हवा धरलीय." डिझेल फिल्टर बसवताना रबरी रिंग एका जागी चिमटली होती. सपाटीवर रिकाम्या गाडीला चाललं. चढावर इंजिनाने जास्त डिझेल मागितल्यावर त्या फटीतून डिझेलबरोबर हवाही ओढली गेली. डिझेल इंजिनाला हे अजिबात सोसत नाही. त्याने खिशातून नवी रिंग काढली, फिल्टर बसवला, हातपंप दाबून दाबून हवा काढली, अर्ध्या तासात गाडी चालू. 500 रुपये घेतले. पण तो येईपर्यंत पाच तास गेले होते आणि दिवस एप्रिलचा. पेट्या नशिबाने बऱ्या राहिल्या, पण त्याच संध्याकाळी परत जायची दुसरी खेप गेली. तिचं भाडं 8,500.

मी वहीत लिहिलं: 9,000 वजा. 14,842 मधून अवजारांचे 8,400 आणि हे 9,000 काढले की पहिल्या वर्षाला 2,558 तोटा.

अण्णा दोन दिवस भिंतीशी आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मीच हाक मारली, कारण माझा हिशेब एकतर्फी झाला होता. गेल्या नोव्हेंबरात हीच गाडी एका सेन्सरसाठी वर्कशॉपमध्ये दोन दिवस उभी होती. सेन्सर शिल्लक नव्हता, मागवला होता. त्या दोन दिवसांत घर हलवायची दोन कामं गेली, चार-चार हजारांची. ते 8,000 कोणत्याच बिलात नव्हते, म्हणून अण्णांना आठवत नव्हते आणि मलाही वहीची मागची पानं उलटेपर्यंत आठवले नाहीत. घाटातले 9,000 मात्र सगळ्यांना पाठ. बिल अंगणातलं असो की वर्कशॉपचं, पुतण्याला खरा फटका बसतो तो गाडी उभी राहिली की. चारशे रुपयांच्या फिल्टरवर आम्ही दोघं भांडत होतो आणि हजारांचे आकडे भिंतीच्या टोकाला उभे होते.

"मग काय, परत त्यांच्या दारात?" अण्णांचा स्वर दुखावलेला.

"नाही. पण खेपेच्या आदल्या दिवशी फिल्टर बदलायचा नाही. बदलला की चांदणी चौकातून पौडपर्यंत एक चक्कर, मागे वजन टाकून. मग ओलं लागतंय का बघायचं."

यावर त्यांनी मान डोलावली. मग त्यांचा खरा सल बाहेर आला. त्यांना पंप-नोझलचं कामही घरी करायचं होतं.

"मॅटाडोरला आम्ही काय करायचो? इंजिन मिसिंग करतंय ना, चालू इंजिनाला एकेका नोझलचा पाइप ढिला करायचा. ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेला. दोन मिनिटांचं काम!"

मॅटाडोर म्हणजे बजाज टेम्पोची, आकुर्डीची. 1958 साली फिरोदियांनी जर्मनीतल्या टेम्पो कारखान्याशी करार करून ही कंपनी सुरू केली, आणि तिच्या तीनचाकीपासून आपल्याकडे माल वाहणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीला टेम्पो हे नाव पडलं. वहिनी पुतण्याच्या पिकअपला अजून टेम्पोच म्हणतात, अण्णा दर वेळी दुरुस्त करतात. 2005 मध्ये टाटांची एस आली, तिला लोकांनी छोटा हाथी केलं. नावं ठेवण्यात आपण तयार.

पण तो पाइप ढिला करायचा प्रकार आता करायचा नाही, आणि हे मी अण्णांना भिंतीवर हात आपटून सांगितलं. कॉमन रेलच्या इंजिनात डिझेलचा दाब 1,600 बारपर्यंत जातो, काहींत त्याहून वर. पिकअपच्या चाकात हवा असते चार बारच्या आसपास. चारशे पट दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण, आत हात सडायला लागतो, थेट शस्त्रक्रिया. शिवाय नवं नोझल बसवलं की त्याचा सांकेतिक क्रमांक लॅपटॉप लावून गाडीच्या मेंदूला सांगावा लागतो. नाहीतर मोजमाप चुकतं. ही नोझलं बनवणारी नाशिकची मायको, आताची बॉश, अण्णांच्या जुन्या ओळखीची. पण ओळख असून उपयोग नाही, हे काम स्कॅनरवाल्याचं.

"आणि डीपीएफ भरला तर?"

"तोही लॅपटॉपने जाळतात. पण तुमच्याकडे भरणार नाही. कोथरूड डेपो ते कर्वे पुतळा एवढंच फिरणाऱ्या गाडीचा भरतो, काजळी जळायला लांब पल्ला आणि गरम इंजिन लागतं. तुमची आठवड्यात तीनदा घाट चढते."

ब्रेकच्या लायनरवरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही. अण्णांना ते घरी करायचे आहेत. मी म्हणते, ताम्हिणी उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक दुसऱ्या जोडी डोळ्यांनी पाहिलेले बरे. पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला पुतण्याचा एक ओळखीचा गॅरेजवाला आहे, तो वर्कशॉपच्या निम्म्या मजुरीत करतो आणि जुने लायनर कागदात गुंडाळून हातात देतो. सध्या त्याच्याकडे जायचं ठरलंय. अण्णा बरोबर जातात आणि स्टुलावर बसून बघतात. गॅरेजवाला ते सहन करतो, यावरूनच त्याची किंमत कळते.

तर सध्याची वाटणी अशी: ऑइल, फिल्टर आणि ग्रीस अंगणात, ब्रेक आणि पाटे गॅरेजात, स्कॅनरचं जे काही असेल ते वर्कशॉपमध्ये, पॅकेज न घेता. पॅकेज न घेता म्हटल्यावर तिथला मुलगा आधी गोंधळला, मग त्याने कामाच्या कागदावर हाताने दोन ओळी लिहिल्या. त्या वेळचं बिल एक पानाचं आलं. परतीचे 767 रुपये मी वहीत 'इतर उत्पन्न' या सदरात टाकले आहेत. लाडूंची परात 'घसारा' या सदरात गेली. वहिनींना नवी आणून दिली, 1,150 रुपये, जे अण्णा हिशेबात धरायला तयार नाहीत.

एक गोष्ट राहिली, आणि तिचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नाही. वर्कशॉपच्या बिलात एक काम न लिहिता होत असतं: जळकं ऑइल तेच ठेवून घेतात. अण्णांच्या जिन्याखाली आता सात-सात लिटरचे दोन कॅन उभे आहेत. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, तो नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवा. शेजारच्या बांधकामावरचे सेंटरिंगवाले रोज विचारतात, फळ्यांना लावायला पाहिजे म्हणून. ते मातीत जाणार. गटारात ओतलं तर नाल्यातून मुठेत जाणार. मी अण्णांना कॅनला हात लावू देत नाही आणि वहिनी मला रोज विचारतात की हे किती दिवस. चौदा लिटर कोणी उचलून नेत नाही, एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवणं त्यांना परवडत नाही. कोथरूडात आणखी कोणी घरी ऑइल बदलत असेल तर आपण मिळून एक पिंप भरू, आणि योग्य माणसाकडे देऊ. मयूर कॉलनीत येऊन भिंतीवरून हाक मारा.